बुंध्याशी बसून

आमच्या सोसायटीच्या आवारात एक रेन ट्री आहे, एक गुलमोहर, दोन नारळ आणि मागच्या भिंतीलगत एक फणस. शिवाजी पार्कच्या आसपास अशा जुन्या इमारती पुष्कळ आहेत आणि झाडांवरून होणारे वादही पुष्कळ. यंदा एप्रिलच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आमच्या सेक्रेटरींनी, म्हणजे आप्पांनी, चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं : ‘रेन ट्री काढण्याबाबत.’ दुसऱ्या मजल्यावरच्या बाई सहसा सभेला येत नाहीत. वनस्पतीशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण आमच्यासाठी अजून बाईच. ती ओळ वाचून त्या आल्या. सभा गच्चीवर सुरू झाली आणि चौथ्या विषयाला सगळेच खाली, झाडापाशी येऊन उभे राहिले. मी खजिनदार. वही हातातच होती, तेव्हा दोघांचं बोलणं जमेल तसं उतरवून घेतलं.

आप्पा : बाई, मी झाडांचा वैरी नाही हो. माझा जन्म गिरगावातल्या फणसवाडीचा. मुंबईची निम्मी नावं झाडांवरूनच पडलीत, चिंचपोकळी घ्या, वडाळा घ्या, आंबेवाडी घ्या. पण १७ मे २०२१ची दुपार मला विसरता येत नाही. तौक्ते चक्रीवादळ गुजरातकडे निघालेलं, मुंबईच्या नुसतं बाजूने गेलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर होता. शहरात दोन हजारांवर झाडं पडली. मी गॅलरीत उभा होतो आणि हे झाड समोर असं घुसळत होतं की बायकोने मला हाताला धरून आत ओढलं.

बाई : पण पडलं नाही.

आप्पा : तेव्हा पडलं नाही.

बाई : ‘तेव्हा’ हा शब्द बरोबर वापरलात. एका वादळात तगलं म्हणजे पुढच्या वादळातही तगेल, असं मी म्हणणार नाही. त्या दुपारी जमिनीखाली दोन-चार मुळं तुटली असतील, तर वरून काही कळत नाही. झाड हिरवंच राहतं. तुटलेल्या टोकातून कूज आत शिरते आणि तीन-चार वर्षांनी साध्या पावसात झाड आडवं होतं. लोक म्हणतात, काल तर चांगलं होतं.

आप्पा : मग आपलं दोघांचं एकच मत झालं.

बाई : नाही झालं. तुम्ही म्हणता काढा, मी म्हणते आधी बघा. आपण सगळे आत्ता कुठे बघतोय? वर, फांद्यांकडे. आप्पा, तुम्ही आयुष्यभर यंत्रं सांभाळलीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर किती होतो?

आप्पा : चौपट. ताशी ५५ला जे नुसतं डुलतं, त्यावर ११०ला चौपट भार येतो.

बाई : आणि तो भार उतरतो कुठे?

आप्पांनी उत्तर दिलं नाही. बाई बुंध्याशी उकिडव्या बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना असं बसताना त्रास होतो. पुढचा पाऊण तास त्या तिथून उठल्या नाहीत, आणि शेवटी आम्हीही खाली बसलो.

बाई : हे पेव्हर ब्लॉक खोडाला अगदी चिकटवून बसवलेत. सिमेंट सालीवर चढलंय. हे कधी झालं?

आप्पा : आवार नव्याने केलं तेव्हा. पावसात चिखल व्हायचा, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरायचे. सगळ्यांनी हात वर करून ठराव केला होता, बाई, तुम्हीसुद्धा.

बाई : केला होता. तेव्हा मी खाली उतरून बघायला हवं होतं, ते नाही केलं. लोकांना वाटतं, झाड जेवढं वर तेवढंच मूळ खाली. तसं नसतं. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. या झाडाची मुळं गेटपर्यंत गेली असणार. त्यांना हवा लागते, पाणी लागतं. वरून काँक्रीट घातलं की ती गुदमरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली, ती काही शोभेसाठी नव्हे.

आप्पा : बरं, एक मीटर मोकळं करू. पण २०२०चा ऑगस्ट आठवा. ५ तारखेला माझा भाऊ गिरगावातून फोन करत होता. त्या दिवशी वादळाला नावसुद्धा नव्हतं. कुलाब्याला झोत ताशी १०७ आणि चोवीस तासांत ३३१.८ मिलिमीटर पाऊस. मरीन ड्राइव्हची झाडं पडली. केम्प्स कॉर्नरला एन. एस. पाटकर मार्गाची संरक्षक भिंत झाडांसकट रस्त्यावर आली. तिथे कोणी पेव्हर ब्लॉक घातले होते?

बाई : तिथे माती पाण्याने भरली होती. कोरड्या जमिनीत मूळ घट्ट धरून असतं. तीच जमीन चिखल झाली की तिची पकड जाते, आणि नेमका त्याच वेळी वारा येतो. म्हणून नाव दिलेल्या वादळाची वाट बघत बसू नका. चार दिवस धो धो पाऊस झाला की पाचव्या दिवसाचा साधा वाराही पुरतो. पाऊस सुरू झाल्यावर खाली येऊन बघायचं ते हे : बुंध्यापासून चार-सहा हातांवर जमिनीला कमानीसारखी भेग पडलीय का, फरशी एका बाजूने उचलली गेलीय का. ती दिसली की त्या दिवशी सभा घ्यायची नाही, माणसं हलवायची आणि पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन करायचा.

इथे मागच्या विंगमधले एक गृहस्थ म्हणाले, की पालिका पावसाळ्याआधी झाडं छाटतेच, आपण कशाला एवढा विचार करायचा? हा गैरसमज सर्रास आहे म्हणून मी मध्ये बोललो. २०१८च्या पालिकेच्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. रस्त्याच्या कडेची त्यांत दोन लाखही नाहीत. निम्म्याहून अधिक झाडं खासगी आवारात आहेत. पालिकेची माणसं रस्त्यावरची झाडं बघतील, सोसायट्यांना नोटिसा देतील. आपल्या आवारातल्या झाडाकडे बघणं, अर्ज करणं आणि खर्च सोसणं आपलंच.

आप्पा : आणि पडलं तर जबाबदारीही आपलीच. मी तेच म्हणतोय. बाई, आता मी जे सांगतो त्याचं उत्तर द्या. जुलै २०१७. चेंबूरमध्ये सकाळी रस्त्याने चाललेल्या एका बाईंच्या अंगावर नारळाचं झाड पडलं, आणि त्या गेल्या. ते झाड काढावं म्हणून अर्ज झालेला होता. पाहणीही झाली होती आणि परवानगी नाकारली होती. बघणाऱ्यांनी बघूनच सांगितलं होतं ना? मग तुमचं हे ‘आधी बघा’ कितीसं उपयोगाचं?

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मला वाटतं, त्या दिवशीचा सर्वांत खरा प्रश्न हाच होता.

बाई : माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. बाहेरून बघून आतलं सगळं कळत नाही, हे मान्य. नारळाचं तर आणखी कठीण. इतर झाडांना जखम झाली तर ती भरत नाही, पण भोवतीने नवं लाकूड वाढतं आणि जखमेला वेढून टाकतं. नारळाच्या खोडात तशी वाढच नाही. चढायला सोपं जावं म्हणून खोडावर पाडलेली खाच झाडाच्या अंतापर्यंत तशीच उघडी राहते. त्यातून पाणी मुरतं. सोंड्या भुंगा शिरला तर खोड आतून भुसा होतं, आणि वरचा झावळ्यांचा झुबका काही दिवस हिरवाच असतो. म्हणून नारळ बघताना खोडावरची भोकं बघायची, त्यांतून तपकिरी चिकट पाणी ओघळतंय का ते बघायचं, शेंडा बारीक होत चाललाय का, नव्या झावळ्या आखूड येताहेत का, ते बघायचं. आणि आप्पा, एकदाच बघायचं नाही. दर वर्षी त्याच जागी उभं राहून फोटो काढायचा. एका पाहणीत जे दिसत नाही ते दोन फोटोंच्या फरकात दिसतं.

आप्पा : म्हणजे शंका राहतेच.

बाई : राहते. शंका असली तर नारळ काढायला माझी हरकत नाही. आपल्या पुढच्या नारळाला अकरा खाचा आहेत, मी मोजल्यात. खाली पाळणाघराचं दार आहे. त्याचा अर्ज आजच करा.

आप्पा (चकित होऊन) : आणि या रेन ट्रीचा नाही? याच्यात तर ढोलीच आहे! ती बघा, वरती, पोपट जाताहेत. आतून पोकळ झालेलं झाड तुम्ही उभं ठेवायचं म्हणता?

बाई : तुम्ही लोखंडी पाइप बघितलात ना? भरीव सळईपेक्षा तो फार कमजोर असतो का?

आप्पा : नाही. पोकळ शाफ्टही भार घेतो. पण भिंतीची जाडी पुरेशी हवी.

बाई : झाडाचंही तसंच. क्लाउस माथेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पडलेली आणि उभी पोकळ झाडं मोजून एक ढोबळ नियम सांगितला. खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश तरी जाडीचं निरोगी लाकूड भोवतीने शिल्लक हवं. त्याहून पातळ झालं की धोका वाढतो.

आप्पा : पण पाइपला उभी फट असेल तर? मग तो पिळवटतो.

बाई : बरोबर, म्हणून ढोलीचं तोंड किती मोठं आहे ते बघायचं. आपल्या झाडाची ढोली जुन्या कापलेल्या फांदीच्या जागी आहे आणि तिच्या भोवती गोल ओठ वळलेत. म्हणजे झाड तिला सावरतंय. लाकडी हातोडी आणा कोणीतरी.

हातोडी आली. बाईंनी बुंध्यावर हातभर अंतराने ठोकत एक फेरी मारली. ‘ठक ठक’ आवाज येत होता. कुठे बद्द आवाज आला की त्या खडूने खूण करत. रेन ट्रीवर दोन खुणा झाल्या. मग त्या गुलमोहराकडे गेल्या. तिथे हातोडीची गरजच पडली नाही. जमिनीलगत, मागच्या बाजूला, तळहाताएवढी लाकडासारखी कडक, तांबूस अळंबी खोडाला चिकटलेली होती. आम्ही रोज तिथून जातो. मुलं त्याच खोडाशी स्टंप लावून क्रिकेट खेळतात. कुणाला ती दिसली नव्हती, किंवा दिसूनही तिचा अर्थ लागला नव्हता.

बाई : हे आतल्या कुजीचं फळ आहे. बाहेर अळंबी येते तोवर आत बरंच काम झालेलं असतं. मोडून टाकली तरी आतली बुरशी तशीच राहते. गुलमोहर मादागास्करचा. भराभर वाढतो, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. मे महिन्यात तो फुलला की दादरच्या गल्ल्या लालभडक होतात, मला तो फार आवडतो. पण हा काढायला हवा.

आप्पा : हा तर मला सर्वांत सुरक्षित वाटत होता. सरळ उभा आहे.

बाई : सरळपणावर जाऊ नका. मागचा फणस वाकडा आहे, पण तो लहानपणापासून उजेडाकडे वाकलाय. त्याचा शेंडा बघा, पुन्हा वर वळलाय. असं वाकडं झाड त्या वाकण्याला धरूनच लाकूड घालत जातं. भीती असते ती कललेल्या झाडाची. काठी तिरपी करावी तसं सगळं झाड एका रेषेत तिरपं, आणि मागच्या बाजूची माती फुगलेली. ते झाड नुकतंच हललेलं असतं.

आता आप्पांनी मधला मार्ग काढून पाहिला. झाड काढायचं नाही तर निदान पूर्ण बोडकं करून टाकू, वाऱ्याला धरायला काही उरणारच नाही. पुष्कळ सोसायट्या हेच करतात, आणि मला स्वतःला हे शहाणपणाचं वाटत आलं होतं.

बाई : सगळा माथा उतरवला की झाड उपासमारीत पडतं. मग घाईघाईने प्रत्येक कापल्या जागी फुटव्यांचा झुबका काढतं. ते फुटवे सालीलगत चिकटलेले असतात, खोल धरलेले नसतात. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि पहिले तेच मोडतात. खालची मोठी जखम कुजते ती वेगळीच. दुसरी चूक एका बाजूने कापण्याची. रस्त्याकडच्या फांद्या बसला लागतात म्हणून जातात. लालबाग-परळला गणपतीच्या आगमनाच्या वाटेवर मूर्तीच्या उंचीसाठी जातात. ते कामापुरतं करावंच लागतं. पण मग दुसऱ्या बाजूचा भार तसाच राहतो आणि झाड इमारतीकडे झुकतं. एका बाजूने कापलं तर दुसऱ्या बाजूलाही तोल साधून हलकं करायला हवं.

आप्पा : मग कापायचं तरी काय?

बाई : वाळलेल्या फांद्या सगळ्या. एकमेकींवर घासणाऱ्या. आणि जिथे दोन जाड फांद्या अगदी चिंचोळ्या बेचक्यात दाटून उभ्या असतात, मध्ये साल आत दबलेली असते, तिथली एक. रेन ट्रीच्या आडव्या फांद्या फार लांब जातात, त्यांची टोकं हलकी करायची, खोडाकडून नाही. कधी कधी अशी फांदी वारा नसतानाही मोडून पडते, म्हणून पाळणाघरावरची ती मोठी फांदी आखूड करणं मला मान्य आहे. आणि जाड फांदी कापताना आधी खालून अर्धा छेद घ्यायचा, नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने मुंबईतले किती रेन ट्री वाळले, तुम्ही पाहिलेत. आपला वाचलाय.

परवानगीचा मुद्दा मला वहीत पाहून सांगावा लागला. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५चा. झाड आपल्या मालकीच्या जागेत असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यासाठी शिक्षाही आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. पण झाड मेलेलं, रोगट किंवा जीविताला धोका असलेलं असेल तर परवानगी नाकारू नये, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा अर्जात ‘झाड धोकादायक आहे’ एवढंच लिहून भागत नाही. कुठे, काय, केव्हापासून, हे फोटोसह लिहिलं तर प्लाझा सिनेमाच्या मागच्या वॉर्ड ऑफिसातून येणारा माणूस नेमकं काय बघायचं ते ठरवूनच येईल. छाटणीलाही अर्ज लागतो.

आप्पा : माझ्या भावाच्या चाळीत मागच्या भिंतीत पिंपळ आलाय. दुसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली. तिथली माणसं म्हणतात पिंपळ तोडू नये, पाप लागतं. त्याचं काय सांगाल?

बाई : त्याच्याबद्दल मी अजिबात मवाळ नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून बी येतं, चुन्याच्या दरजेत रुजतं आणि मूळ भिंतीच्या पोटात उतरतं. बोटाएवढं असताना मुळासकट उपटलं तर एक वीट हलते. मांडीएवढं होऊ दिलं तर भिंत आणि पिंपळ एकमेकांना धरून उभे राहतात, मग ओढून काढायलाही भीती वाटते. नुसता वरून कापला तर मूळ आत जोमाने वाढतं. चाळ उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाला लिहायला सांगा, पावसाच्या आधी. पिंपळाला जमिनीत जागा द्यावी, भिंतीत नाही.

आप्पांनी ते कागदावर टिपून घेतलं. पण रेन ट्रीवर त्यांचं मत हललं नव्हतं. ते म्हणाले, बाई, तुमचं ज्ञान मोठं, पण सही माझी असते. झाड पडलं तर लोक मला विचारतील, हातोडीचा आवाज कसा आला हे कुणी विचारणार नाही. बाई म्हणाल्या, मग सही करण्याआधी जमिनीखाली बघू. पुढच्या रविवारी बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढू.

पुढच्या रविवारी सकाळी दोन मजूर लावले. ब्लॉक निघाले, खालची खडी निघाली. बाईंनी फावडं वापरू दिलं नाही, खुरप्याने माती बाजूला करायला लावली. उत्तरेकडची मुळं जाड, तपकिरी, सालीसकट शाबूत निघाली. बाईंचा चेहरा उजळला. मग मजूर नैर्ऋत्येकडे आले. बुंध्यापासून दोन फुटांवर, दंडाएवढं मूळ सरळ कापलेलं होतं. करवतीने कापावं तसं. त्याच्या शेजारी दुसरं. पलीकडे तिसरं. टोकं काळी पडली होती, बाईंनी नख लावलं तर लाकडाचा ओला चुरा हाताला आला. खालून सांडपाण्याच्या नव्या पाइपची कड दिसत होती. दोन पावसाळ्यांपूर्वी तो चर खणला गेला होता.

पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो. वाऱ्याच्या बाजूची मुळं दोरासारखी ताणून झाडाला मागे धरतात. हे बाईंनीच आम्हाला आदल्या रविवारी सांगितलं होतं. आता पुन्हा सांगायची गरज नव्हती.

आप्पा खाली बसले. जिंकल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

आप्पा : त्या पाइपच्या कामाच्या बिलावर माझी सही आहे, बाई. कंत्राटदाराने विचारलं होतं, मूळ मध्ये येतंय, काय करू. मी म्हटलं, जाऊ दे, काप.

बाई : मला वरून दिसत होता तो चर. मीही खाली आले नाही.

आप्पा : आता हे राहील का?

बाई : मला माहीत नाही. उरलेल्या मुळांवर, भार बराच उतरवून, राहील कदाचित. पण पाळणाघर समोर असताना त्या ‘कदाचित’वर मी कुणाचं मूल उभं करणार नाही.

अर्ज बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला. नारळ आणि गुलमोहर काढण्याबाबत एकेक परिच्छेद, आणि रेन ट्रीबाबत दीड पान : तिन्ही मुळांची जाडी, बुंध्यापासूनचं अंतर, दिशा, कुजीची खोली, हातोडीच्या दोन्ही खुणांची उंची. शेवटी, ‘प्रत्यक्ष पाहणी करून भार उतरवणे पुरेसे आहे की झाड काढणे आवश्यक आहे ते पावसाळ्यापूर्वी कळवावे,’ असं लिहून त्यांनी कागद आप्पांकडे दिला. आप्पांनी तो दोनदा वाचला, सही केली आणि सोमवारी दहा वाजता स्वतः घेऊन जातो म्हणाले.

मग दोघांनी मिळून गुलमोहराशी लावलेले स्टंप उचलले आणि मागे, फणसाच्या बाजूला नेऊन रोवले. मुलं विचारत होती, तिकडे खेळायला जागा कुठे आहे.